साडेतीन ते पावणेचार

मुलांनो, परवा फोनवर धाकटीनं विचारलं, "आजी, तू फॅक्टरीत नक्की काय करायचीस? बाबा म्हणतो, तू तास मोजायचीस." मागून मोठा हसला, तेही मला ऐकू आलं. तास मोजायचे हे खरं आहे. हसण्यासारखं त्यात काही नाही. फोनवर सांगण्याइतकं ते थोडक्यातलंही नाही, म्हणून लिहिते आहे. मराठी वाचायला जड गेलं तर मोठ्यानं वाचा, कळेल.

समजा, एका कारखान्यात वर्षभरात पाच माणसांना लागलं आणि दुसऱ्यात दहांना. कोणता कारखाना जास्त धोक्याचा? तुम्ही म्हणाल, दुसरा. मी विचारेन, तिथे किती माणसं होती आणि ती किती तास काम करत होती? पहिल्यात वीस माणसं आणि दुसऱ्यात चारशे असतील, तर उत्तर उलटं होतं. म्हणून विमा ऑफिस दर वर्षी प्रत्येक कारखान्याकडून दोन आकडे मागायचं. वर अपघात आणि खाली कामाचे एकूण तास. वरचा आकडा सगळ्यांना दिसतो, कारण त्याला पट्ट्या बांधलेल्या असतात. खालचा कुणालाच दिसत नाही. तो खालचा आकडा माझ्याकडे होता.

आमचा कारखाना अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत होता. रॉकेलच्या स्टोव्हचे भाग तिथे बनायचे. बर्नरच्या वाट्या, टाकीची झाकणं, पाय. कॉलेजात मी इंग्रजीतून संख्याशास्त्र शिकले होते आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला तिथे टाइम ऑफिसात नोकरी लागली. गेटला लागून असलेली ती एक खोली. एक खिडकी रस्त्याकडे, एक आवाराकडे, आणि मधे मी आणि माझी रजिस्टरं.

आजूबाजूच्या कारखान्यांत तासांचा आकडा कसा काढत, तेही सांगते. पटावर माणसं किती, गुणिले आठ तास, गुणिले तीनशे दिवस. झालं. मला ते मुळीच मान्य नव्हतं. रजा वजा, अर्धी सुट्टी वजा, वीज गेली तेवढे तास वजा, खंडेनवमीला मशिनांची पूजा करून दुपारी सगळे घरी जायचे तेही वजा. ओव्हरटाइम अधिक. माझं रिटर्न दर वर्षी मुदतीच्या आधी जायचं आणि त्यात कधीही खाडाखोड नसायची. विमा ऑफिसातले कारकून दुसऱ्या कारखान्यांच्या लोकांना सांगत, त्या स्टोव्हवाल्यांच्या बाईंचा फॉर्म बघून भरा. हे मला माहीत होतं आणि ते ऐकायला आवडायचंही.

आता बिल्ल्यांबद्दल. प्रत्येक कामगाराचा एक पितळी बिल्ला असायचा, रुपयाएवढा, त्यावर नंबर ठोकलेला आणि वर एक भोक. येताना गेटवरच्या फळ्यावरून आपला बिल्ला घ्यायचा, जाताना तो माझ्या खिडकीत द्यायचा. बिल्ला उचलला ती येण्याची वेळ, दिला ती जाण्याची. सकाळी काही अडचण नसायची, लोक मागेपुढे येत. पण दुपारी साडेतीनला पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की शंभर-सव्वाशे माणसं एका खिडकीवर धडकायची. ढकलाढकलीत बिल्ले पडायचे, खिडकीखालच्या गटारात जायचे, आणि दुसऱ्या दिवशी हजेरीवर भांडणं.

मी त्यावर उपाय काढला. प्रत्येक लाइनमध्ये आठ मशिनं, आठ माणसं. प्रत्येक लाइनला मी एक जाड तार दिली. भोंग्याच्या वेळी आठही बिल्ले नंबरवार तारेत ओवायचे आणि एकानंच ती तार खिडकीत आणून द्यायची. दहा मिनिटांचं काम दोन मिनिटांवर आलं. तारा ओळीनं खिळ्यांना अडकवल्या की मी एका नजरेत सगळी पाळी मोजून आठांपुढे एकच वेळ लिहायची, साडेतीन. तार अपुरी आली, सातच बिल्ले असले, तर मी ती परत पाठवायची. "आठवा कुठाय? घेऊन या." महिन्याभरात सगळ्यांना सवय झाली. साहेबांनी मला बोलावून शाबासकी दिली. साहेब म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. घाईत असायचा, एवढंच.

ही तार मीच आणली होती, एवढं लक्षात ठेवा.

दोनेक वर्षं सुरळीत गेली. मग एके दिवशी दुपारी, भोंगा होऊन गेल्यावर, मी तारा खिळ्यांना लावत असताना आवारातून आरडाओरडा ऐकू आला. प्रेस शॉपमधल्या, म्हणजे जिथे पत्रा दाबून वाट्या आणि झाकणं काढत त्या विभागातल्या, एका कामगाराला दोघं धरून फर्स्ट एडच्या खोलीकडे नेत होते. त्याचा डावा हात कुणाच्या तरी शर्टात गुंडाळला होता. पॉवर प्रेसवर काम करणारा, तिशीतला, शांत माणूस. रोज सकाळी बिल्ला उचलताना "जयभीम बाई" म्हणायचा आणि मी मान हलवायची. त्याची दोन बोटं प्रेसखाली गेली होती.

मी मागे वळून खिळ्याकडे पाहिलं. त्याचा बिल्ला तारेत होता, पाचवा. माझ्या रजिस्टरात त्याच्यापुढे साडेतीन लिहून शाई वाळली होती.

दुसऱ्या दिवशी अपघाताचा फॉर्म माझ्या टेबलावर आला. तो इंग्रजीत असायचा आणि मीच भरायची. अपघाताची वेळ. त्या वेळी जखमी माणूस कामावर होता का. या दुसऱ्या प्रश्नावर सगळं अवलंबून होतं. कामावर असताना हात गेला असेल, तर विम्यातून त्याला जन्मभर दर महिन्याला भरपाई मिळणार. कामावर नसताना गेला असेल, तर थोड्या दिवसांची आजारपणाची रजा आणि पुढे काही नाही. ज्याचं कामच दोन हातांचं, त्याला दोन बोटं गेल्यावर प्रेसवर कोण उभं करणार?

साहेब स्वतः खोलीत आले. "बाई, वेळ तीन वीस लिहा आणि मोकळ्या व्हा. त्याचंही भलं, आपलंही."

"फर्स्ट एडच्या रजिस्टरात तीन चव्वेचाळीस आहे," मी म्हटलं. "मग ती चोवीस मिनिटं तो रक्ताळलेला हात घेऊन आवारात फिरत होता का?"

"ते रजिस्टर कोण बघतंय?"

"विम्याचे निरीक्षक. तेच आधी बघतात."

साहेबांनी खुर्ची ओढली. "बरं. मग काय लिहिणार?"

"खरं लिहिणार."

"खरं लिहा की. तीन चाळीस लिहा. आणि मग पुढचा रकाना भरा. तीन चाळीसला तो कामावर होता का? तुमच्या रजिस्टरात तर तो साडेतीनला गेलाय. तुमचंच अक्षर आहे, बाई."

ते गेले. मी फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला. तोवर एकही फॉर्म मी ड्रॉवरमध्ये ठेवला नव्हता.

वसाहतीला शुक्रवारी सुट्टी असायची. त्या शुक्रवारी सकाळी मी घरी कपड्यांना इस्त्री करत होते, तेव्हा दारात एक बाई आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत हॉस्पिटलचे कागद. त्या कामगाराची बायको. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात शिलाईचं काम करायची.

"या, बसा. चहा टाकते."

"चहा नको. उभ्याउभ्याच बोलते, मला कॅम्पात जायचंय." ती उंबऱ्याच्या आत आली, पण बसली नाही. "बाई, मला एकच सांगा. त्या टायमाला माझा नवरा कामावर होता का नव्हता?"

"होता."

"मग तुमच्या वहीत का नाही?"

मी इस्त्री बाजूला उभी केली. 

तीच पुढे म्हणाली, "ते सांगतात, बाईंना तार पुरी लागते. अपुरी गेली की परत पाठवतात, मग सात जणांचा खोळंबा. म्हणून बिल्ला दिला आणि मशीनवर थांबले. रोजच थांबतात. तुमच्या तारेसाठी दिला हो बिल्ला, आणि आता तोच म्हणतो की माणूस घरी गेला."

"थांबायचे कशाला पण?"

"ते मला काय विचारता? तुमची फॅक्टरी." मग जरा निवळली. "आमच्याकडे बघा, भिंतीवर घड्याळच नाही. सेठ म्हणतो, टाइम देखना है तो घर जाके देखो, यहाँ पीस देखो. सकाळी गेलं की किती वाजले कळत नाही, किती पीस झाले एवढंच कळतं. मी ह्यांना म्हणायची, तुमची फॅक्टरी बरी, तिथे मिनिटामिनिटाचा हिशेब आहे." तिनं पिशवीला गाठ मारली. "कसला हिशेब आणि कसलं काय."

ती जिना उतरून गेली. मी पुन्हा इस्त्री हातात घेतली, आणि एका बाहीची इस्त्री होईतो तिच्या सेठचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. यहाँ पीस देखो. माझ्या बिल्ल्यांना वेळ माहीत नव्हती. पण पीस मोजणारं काहीतरी प्रेस शॉपमध्ये होतं.

शनिवारी सकाळी मी सरळ प्रेस शॉपमध्ये गेले. टाइम ऑफिसची बाई मशिनांपाशी आलेली कुणी पाहिली नव्हती. दोन-तीन प्रेस थांबल्या. "चालू द्या," मी म्हटलं, "मी तपासायला नाही, विचारायला आलेय."

जखमी कामगाराच्या प्रेसवर त्याच्यानंतर दुसरी पाळी घेणारा कुळगावचा एक उंच माणूस होता. टाइम ऑफिसात येऊन मला गाठायचं, म्हणून तो त्या दिवशी पहिल्या पाळीतच आला होता. त्यांच्याकडे लहानमोठ्या सगळ्यांना अरेतुरे करतात, त्यामुळे मला त्याचं वाईट वाटलं नाही.

"बाय, तू लिव," तो म्हणाला. "मी पावनेचारला येतो. रोज. माझा टाइम तो मारीत व्हता."

"पावणेचारला? रजिस्टरात तर साडेतीन आहे."

"ती तूच सूट दिलीस ना पंदरा मिन्टांची. आमची गाडी उशिरा लागते, ठेसनावरनं चालत यायचं. तू बोललीस, पावनेचारपर्यंत आला त साडेतीन लिवीन."

खरंच होतं. बदलापूरकडून येणाऱ्यांना मी ती सूट दिली होती, साहेबांच्या सहीनं, आणि प्रेस शॉपची दुसरी पाळी सगळी तिकडचीच होती.

"मग तोवर प्रेस बंद का नाही ठेवत?"

यावर आजूबाजूचे सगळे एकदम बोलायला लागले. त्यातून मला जे कळलं ते असं. प्रेस थांबून थंड झाली की डायचं, म्हणजे साच्याचं, सेटिंग हलतं. मग दुसऱ्या पाळीच्या माणसाचा पहिला अर्धा तास खराब माल काढण्यात जातो आणि बोलणी त्याला बसतात. म्हणून प्रेस शॉपची एक रीत होती, चालती प्रेस हातात द्यायची. थांबवलेली प्रेस मागे ठेवून जाणं म्हणजे शेजारणीला रिकामं भांडं परत करण्यासारखं. असं करणाऱ्या माणसाशी कुणी डबा वाटून खात नसे. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती, आणि माझ्याशिवाय सगळ्या कारखान्याला माहीत होती.

मी तिथेच उभी राहून मनातल्या मनात हिशेब केला. पहिल्या पाळीचा माणूस पावणेचारपर्यंत काम करतो, मी साडेतीन लिहिते. दुसऱ्या पाळीचा पावणेचारला येतो, मी साडेतीन लिहिते. एकाची पंधरा मिनिटं कमी, दुसऱ्याची पंधरा मिनिटं जास्त. बेरीज अगदी बरोबर येत होती! म्हणून तर दोन वर्षांत मला संशय आला नाही. तास खरे होते, पण ज्या माणसाच्या नावावर होते तो त्या वेळी स्टेशनवरून चालत येत होता, आणि जो मशीनवर होता तो माझ्या लेखी घरी गेला होता.

"इथे पीस कोण मोजतं?" मी विचारलं.

"मीटर," तीन-चार जण म्हणाले.

प्रत्येक प्रेसच्या बाजूला डब्यासारखं एक आकडेयंत्र बसवलेलं होतं. प्रेसचा एक ठोका पडला की आकडा एकानं पुढे. त्यालाच ते मीटर म्हणत. भोंगा झाला की जाणारा माणूस शीटवर मीटरचा आकडा लिही, येणारा आल्यावर लिही, आणि सुपरवायझर दोन्ही आकड्यांवर सही करी. पगार महिन्याचा होता, पीसवर नव्हता, म्हणून साहेबांना फक्त दिवसाचा एकूण माल लागायचा. जाणाऱ्याचा शेवटचा आकडा आणि येणाऱ्याचा पहिला आकडा कुणी शेजारीशेजारी ठेवून पाहिलेच नव्हते.

मी पाहिले. तीन महिन्यांची शीटं काढून टाइम ऑफिसात नेली. आठही प्रेसवर, एकही दिवस न चुकता, त्या दोन आकड्यांत अंतर होतं. कधी दोनशे दहा, कधी दोनशे चाळीस, कधी एकशे ऐंशी. दोन्हींपैकी कुणाच्याच नावावर नसलेले ठोके.

अपघाताच्या दिवसाचं शीटही होतं. जखमी कामगाराचा साडेतीनचा आकडा, त्याच्याच अक्षरात. खाली कुळगावच्या माणसाचा. सगळा गोंधळ चाललेला असताना त्यानं सवयीनं मीटर वाचून आकडा लिहिला होता, आणि पुढे काम शून्य, कारण प्रेस बंद करून तिला कुलूप लावलं होतं. दोन आकड्यांत अंतर एकशे त्रेसष्ट.

एका मिनिटाला किती ठोके पडतात ते आता मला हवं होतं. त्यानंतर आठवडाभर मी रोज दुपारी मनगटावरचं घड्याळ आणि वही घेऊन प्रेस शॉपमध्ये उभी राहायची. तुम्हाला सांगते, माझ्या नोकरीतला तो सगळ्यात मजेचा आठवडा होता.

"बाई प्रेसची नाडी बघायला आल्यात," एकानं पहिल्याच दिवशी सुरुवात केली.

"ताप आहे का हो बाई?"

"ताप नाही, हिला कामचुकारपणा झालाय. तुझ्यामुळे."

तिसरा म्हणाला, "जरा दमानं मारा रे, बाई मोजतायत."

"दमानं नको आणि जोरानंही नको," मी म्हटलं. "रोज मारता तसंच मारा. नाहीतर मी पुढच्या आठवड्यातही येईन."

"मग जोरानंच मारतो, बाई. या पुढच्या आठवड्यात, चहा आमच्याकडून."

हातानं पत्रा सरकवून पायानं पेडल मारायचं काम ते. सगळ्या माणसांची, सगळ्या दिवसांची सरासरी मिनिटाला सोळा-सतराच्या आसपास आली. एकशे त्रेसष्ट ठोके म्हणजे दहा मिनिटांना थोडी कमी. साडेतीन अधिक दहा, तीन चाळीस. तिथून शर्ट गुंडाळून फर्स्ट एडच्या खोलीपर्यंत जायला चार मिनिटं, तीन चव्वेचाळीस. कुळगावच्या माणसानं फळ्यावरून बिल्ला उचलला ती खरी वेळ गेटवरच्या वॉचमनच्या कच्च्या वहीत होती, तीन सत्तेचाळीस. सगळं एकमेकांत बसलं.

मग मी फॉर्म ड्रॉवरमधून काढला. अपघाताची वेळ, तीन चाळीस. कामावर होता का? होता. सोबत मी एक पानभर निवेदन जोडलं, की माझ्या हजेरी रजिस्टरातली जाण्याची वेळ प्रेस शॉपपुरती चुकीची आहे, ती चूक माझ्या तारेच्या पद्धतीमुळे झाली आहे, आणि याची जबाबदारी माझी आहे. कुळगावच्या माणसाचं निवेदनही मीच इंग्रजीत लिहिलं आणि त्याला मराठीत वाचून दाखवलं.

"यामुळे तुमची सूट जाईल," मी त्याला बजावलं. "पावणेचारला आलात तर पावणेचारच लिहीन."

"लिव गं बाय. त्याची बोटां गेली, मी पंदरा मिन्टांला रडू?"

त्यानं सही केली.

साहेबांनी माझं पान दोनदा वाचलं. "बाई, तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय. आणि युनियनवाल्यांच्या हातात हे पडलं, तर उद्या मला दोन वर्षांचा ओव्हरटाइम मागतील."

"मागतील," मी म्हटलं. "पण आधी निरीक्षक येतील. त्यांना तुम्ही काय सांगणार आहात ते ठरवा. मी काय सांगणार ते लिहून दिलंय."

त्यांनी पेन उघडलं आणि कोपऱ्यात बारीक सही केली.

निरीक्षक आले ते सकाळी. किडकिडीत, चष्मा, सगळे कागद स्वतः वाचणारे. मला असा माणूस आवडतो. जखमी कामगारही आला होता. हात गळ्यात अडकवलेला, बाजूला बायको. साहेब खिडकीपाशी उभे.

"मॅडम, इतकी वर्षं तुमचं रिटर्न मी वाचतोय," निरीक्षक म्हणाले. "आता तुम्ही म्हणताय रजिस्टर चुकीचं आहे. मग तुमचे कामाचे तासही चुकीचे?"

"तासांची बेरीज बरोबर आहे. माणसं चुकीची आहेत." मी त्यांना दोन्ही रकाने दाखवले, कमी पंधरा, जास्त पंधरा.

त्यांनी बोट ठेवून तपासलं. मग म्हणाले, "ठीक. ठोके पडले हे मान्य. पण याची ड्युटी साडेतीनला संपली. बिल्ला दिला. त्यानंतर तो आपल्या मित्रासाठी थांबला असेल, तर ती त्याची हौस. हौसेला विमा नाही."

कामगाराची बायको काहीतरी बोलायला पुढे झाली. मी तिला हातानं थांबवलं.

"एका दिवशी एक माणूस थांबला, तर हौस," मी म्हटलं. "इथे तीन महिने, आठही प्रेसवर, रोज. प्रत्येक शीटवर दोन आकडे, दोन्हींखाली कंपनीच्या सुपरवायझरची सही. दुसऱ्या पाळीला पंधरा मिनिटांची सूट कंपनीनं दिली, म्हणजे तेवढा वेळ प्रेस दुसरं कुणीतरी चालवतंय हे कंपनीनं धरूनच चाललं होतं. आणि त्या पंधरा मिनिटांत निघालेला माल त्यांनी घरी नेला नाही. तो दिवसाच्या मालात मोजला गेला आणि विकला गेला. माल कंपनीचा, तर मग तो काढणारा माणूस कुणाचा?"

 निरीक्षकांनी साहेबांकडे पाहिलं. "हे बरोबर आहे?"

साहेब खिडकीबाहेर बघत होते. "बरोबर आहे," ते म्हणाले. त्या दोन शब्दांसाठी मी त्यांना पुढे बऱ्याच गोष्टी माफ केल्या.

"ती प्रेस बघू," निरीक्षक उठले.

आम्ही सगळे प्रेस शॉपमध्ये गेलो. प्रेसवर अजून कुलूप होतं, वर कापड टाकलेलं. निरीक्षकांनी कापड उचललं, चष्मा वर सरकवला आणि वाकून मीटरवरचा आकडा एकेक करून मोठ्यानं वाचला. मी शीट समोर धरलं. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. जखमी माणूस माझ्याजवळ उभा होता. तो मीटरकडे बघत नव्हता, डायकडे बघत होता.

"शेवटचा ठोका माझा," तो हळू म्हणाला. "तो पण धरलाय का, बाई?"

"धरलाय."

निरीक्षकांनी आकडा आपल्या वहीत उतरवला आणि जागेवरच शेरा लिहिला. काय लिहिलं ते त्यांनी दाखवलं नाही. ते कळायला पत्र यावं लागलं. सहा आठवडे लागले. रोज टपाल आलं की मी पहिल्यांदा ते पाकीट शोधायची. आलं तेव्हा मी ते स्वतः फोडलं, इंग्रजी पत्र एकदा मनात वाचलं आणि मग वॉचमनला त्या जखमी कामगाराच्या घरी पाठवलं. अपघात कामावर असताना झालेला आहे, असं धरलं होतं. भरपाई मंजूर.

त्याच दुपारी मी पक्कड मागवली आणि तारा तोडल्या. साहेबांनी पाळीच्या वेळाही बदलल्या. पहिली पाळी सव्वासातला सुरू होऊन पावणेचारला सुटणार, दुसरी पावणेचारला लागून रात्री पंधरा मिनिटं उशिरा सुटणार. चालती प्रेस हातात द्यायची रीत तशीच राहिली. मोडा म्हटलं असतं तरी त्यांनी मोडली नसती. आता फक्त ती रजिस्टरात बसत होती. खिडकीवर परत गर्दी झाली, बिल्ले परत गटारात जायला लागले.

वर्ष संपलं तेव्हा मी नेहमीसारखं रिटर्न भरलं. सगळी उलथापालथ होऊनही कामाचे एकूण तास जुन्या पद्धतीनं जेवढे आले असते, नेमके तेवढेच आले. मी दोन्ही रीतींनी करून पाहिलं, एका तासाचाही फरक नाही. वरच्या आकड्यात मात्र एक अपघात होता, जो तारेनं जवळजवळ पुसून टाकला होता.

तो माणूस प्रेसवर परत गेला नाही. साहेबांनी त्याला माझ्या हाताखाली टाइम ऑफिसात दिलं. इतकं झाल्यावर दुसरं काही करणं त्यांना शोभलं नसतं. पहिल्या दिवशी पाळी सुटली, खिडकीवर लोंढा आला, तो उजव्या हातानं बिल्ले घेत होता, मी वेळा लिहीत होते.

"बाई," तो लोंढ्यातून ओरडला, "चार बिल्ले गटारात!"

"काढ मग."

"तार बरी होती हो!"

"गप्प बस आणि काढ."

सगळे गेल्यावर त्यानं धुतलेले चारही बिल्ले फळ्यावर टांगले, मग खिशातून स्वतःचा काढून माझ्या टेबलावर ठेवला. मी घड्याळात पाहिलं आणि त्याच्या नावापुढे लिहिलं, चार वाजून दोन मिनिटं.